अर्थ : पैसा आणि प्रयोजन

मराठीत ‘अर्थ’ या एकाच शब्दाने आपण पैसाही सांगतो आणि प्रयोजनही. तत्त्वज्ञानाच्या तासाला चार पुरुषार्थ शिकताना ‘अर्थ’ हा धर्मानंतर का येतो, यावर आम्ही विद्यार्थ्यांनी पुष्कळ वाद घातला होता. तेव्हा तो परीक्षेपुरता प्रश्न वाटे. आज लोकांना पैशाविषयी सल्ला देणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि त्यातला बराचसा गोंधळ या दोन अर्थांची ताटातूट झाल्यामुळे आहे, असे माझे मत बनले आहे. पैसा किती, हे सगळे विचारतात. कशासाठी, हे क्वचितच कोणी विचारते.

बी. ए. झाल्यावर २००७ साली मी एका बँकेत नोकरीला लागले. काम नावाला ग्राहकसेवेचे, प्रत्यक्षात विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याचे. रोज सकाळी प्रत्येकाचा आदल्या दिवशीचा आकडा सर्वांसमक्ष वाचला जाई. कोणाच्या खात्यात ग्रॅच्युइटी जमा झाली, की त्याचे नाव आमच्या यादीत येई. असेच एक निवृत्त शिक्षक आले. वय एकसष्ट; व्याजावर घर चालवायचे होते. त्यांना दहा वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी द्यावी, असा मला हुकूम होता. मी त्यांना २००४ साली सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुचवली. मुदत पाच वर्षांची, व्याज दर तिमाहीला. त्यांची गरज भागली, पण माझे टार्गेट हुकले. “तुम्ही इथे समाजसेवा करायला आलात का?” असे साहेबांनी विचारले. पुढे मी ती नोकरी सोडली.

यात साहेबांपेक्षा रचनेचा दोष मोठा होता, असे मला वाटते. ज्याचे पोट विक्रीवर आहे, त्याने ‘विकत घेऊ नका’ असा सल्ला कसा द्यावा? आपल्याकडे ही रचना हळूहळू बदलली. म्युच्युअल फंडात पैसे गुंतवताना सव्वादोन टक्क्यांपर्यंत होणारी कपात ‘सेबी’ने २००९ मध्ये बंद केली. २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी स्वतंत्र नियम झाले. २०२० मध्ये, ज्या ग्राहकाला सल्ला द्यायचा त्यालाच कमिशन घेऊन विक्री करायची नाही, असे बंधन आले. मी २०१४ मध्ये आवश्यक परीक्षा देऊन सल्लागार म्हणून नोंदणी केली. तेव्हापासून मी फक्त ग्राहकाकडून फी घेते. उत्पन्न सुरुवातीला निम्म्यावर आले; पण प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य मिळाले.

तेच शिक्षक काही वर्षांनी पुन्हा भेटले. खर्च भागून दोन लाख रुपये शिल्लक होते. ‘कशासाठी?’ असे विचारल्यावर म्हणाले, “गावच्या वाचनालयात दर वर्षी नवी पुस्तके यावीत, माझ्यामागेही.” सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला चौदा हजार रुपये होतात. परंतु महागाई सहा टक्के असेल, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे पुस्तके निम्मीच येतील. म्हणून निम्मी रक्कम ठेवीत आणि निम्मी शेअरबाजाराच्या इंडेक्स फंडात, दीर्घकाळ हात न लावता ठेवायची, असे ठरले. आज पुस्तके सात हजारांचीच येतील, हे त्यांनी मान्य केले. बाजार पडला तरी त्या पैशांवर त्यांचे दूध आणि औषध अवलंबून नव्हते. त्याच माणसाचा घरखर्चाचा पैसा मात्र मी बाजारात जाऊ दिला नसता. प्रयोजन ठरले, की साधन आपोआप निम्मे ठरते.

‘हे सारे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे’ असा आक्षेप येईल. मला उलट वाटते. श्रीमंताचा एक निर्णय चुकला तर त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे ग्रॅच्युइटीखेरीज काही नाही, त्याला एकच चूक आयुष्यभर पुरते. दुसरा धोका अधिक खरा आहे. ‘उद्देशपूर्ण गुंतवणूक’ हे शब्दही आता जाहिरातीत शिरले आहेत. मुलीचे शिक्षण, सुखाचे म्हातारपण अशी चित्रे दाखवून तीच जुनी पॉलिसी विकली जाते. उद्देश ग्राहकाच्या तोंडून यावा लागतो. तो माहितीपत्रकावर छापून मिळत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांना सांगावेसे वाटते, की पैशाचा विषय वाणिज्य शाखेचा म्हणून सोडून देऊ नका. चक्रवाढ व्याज आठ दिवसांत शिकता येते. माणसाला काय हवे आहे, हे त्याच्या बोलण्यातून आणि गप्प राहण्यातून ओळखण्याची सवय मात्र साहित्य आणि तत्त्वज्ञान वाचूनच लागते. या व्यवसायात आकडे जाणणारे पुष्कळ आहेत, ‘कशासाठी?’ असे विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबणारे थोडे. ती उणीव कला शाखेने भरून काढावी.

— एक माजी विद्यार्थिनी