नंबर फाइव्ह की जॉय?
शनेलचं नंबर फाइव्ह आणि ज्याँ पातूंचं जॉय यांतलं एकच अत्तर घ्यायचं असेल, तर मी जॉयच घेईन. दोन्हींचा जीव एकच, दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासची चमेली आणि गुलाब. पण १९२१ साली नंबर फाइव्ह बनवताना एर्नेस्त बो यांनी अल्डिहाइडं ही सुगंधी रसायनं इतक्या सढळ हाताने घातली, की नाकाला आधी जाणवतो धुऊन इस्त्री केलेल्या सुती कपड्यांचा स्वच्छपणा. फुलं मागाहून येतात. देखणं आहे ते, वादच नाही. जॉय बनवणाऱ्या आँरी आल्मेरास यांनी मात्र फुलांनाच पुढे केलं. १९३० मध्ये, ऐन मंदीत, जगातलं सर्वांत महाग अत्तर अशी जॉयची जाहिरात झाली; औंसभरासाठी चमेलीची १०,६०० फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात, असं कंपनी सांगे. त्या चमेलीत उमलण्याबरोबर कोमेजण्याचाही किंचित उग्र दर्प आहे. खऱ्या फुलात तो असतोच, आणि मला तोच सर्वांत प्रिय. आता हे जॉय बनत नाही. २०१८ मध्ये ते नाव दिओरच्या वेगळ्याच परफ्यूमला मिळालं. जुनी बाटली सापडलीच, तर ती उन्हात राहिलेली नाही ना हे विचारा, थेंबभर मनगटावर लावून तासभर थांबा, आणि मगच पैसे द्या.