आधी दुर्बीण, मग नेम!

लांबचा नेम शिकायचा म्हटलं, की आमच्या तिवशात पोरगं पहिली मागतं दुर्बिणीची रायफल, आणि बाप कापसाचे पैसे मोजायला बसतो. काहून बाप्पा? ऑलिम्पिकच्या रायफलीवर दुर्बीण चालतच नाही! कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटरवर कांस्यपदक घेतलं, ते बारीकशा छिद्रातून पाहून. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, टपोऱ्या काबुली चण्याएवढं म्हणा ना!

माझं म्हणणं साधं आहे. सुरुवात १० मीटरवर करावी, छर्‍याच्या रायफलीनं. तीही क्लबाची, उसनी. दस्ता आपल्या खांद्याला कसा हवा, हे महिनाभर उभं राहून पाय दुखल्यावरच कळतं. खिशातले पैसे छर्‍यांवर घालावे, भरपूर. पोराचा नाद उतरला तर छर्रे संपलेले असतात; विकत घेतलेली रायफल मात्र पुढच्या पेरणीपर्यंत बापाला टोचत राहते.

नेम दुकानात मिळत नाही, भाऊ. मिळत असता, तर तिवशाच्या बाजारात त्याला कापसापेक्षा बरा भाव आला असता!