दर जुळवून देण्याचा अधिकार कोणाचा?



गणेशचतुर्थी जवळ आली की मालवणची बाजारपेठ मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी गजबजू लागते. फ्रिज, मिक्सर, टीव्ही यांची खरेदी पुष्कळ घरी याच दिवसांत होते. गिऱ्हाईक दुकानात येते, वस्तू पसंत करते आणि खिशातून मोबाइल काढते. ‘‘शेट, हो फ्रिज मोबायलार दोन हजारान स्वस्त दिसता. तेवढ्याक देतलात काय?’’

गल्ल्यावर बसलेला मुलगा वडिलांकडे पाहतो. वडील वितरकाला फोन लावतात. वितरक म्हणतो, कंपनीच्या माणसाला विचारून सांगतो. कंपनीचा माणूस म्हणतो, पडद्याचा फोटो पाठवा, वरून मंजुरी घ्यावी लागेल. मंजुरी येईपर्यंत गिऱ्हाईक कुडाळची गाडी पकडून गेलेले असते, किंवा घरबसल्या मागणी नोंदवून मोकळे झालेले असते. आपल्या अनेक पेढ्यांवर हा अनुभव आता नित्याचा झाला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा असते. तिच्यापेक्षा अधिक घेता येत नाही. कमी घेण्यास मात्र पूर्ण मोकळीक आहे. दुसऱ्या विक्रेत्याचा दर जुळवून दिलाच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही. तेव्हा हा प्रश्न सक्तीचा नसून व्यवहाराचा आहे.

आता हिशेब मांडू. समजा, एक फ्रिज आपल्याला कर धरून २२,८०० रुपयांना पडला आणि आपण तो २४,५०० ला विकतो. म्हणजे ढोबळ नफा १,७०० रुपये. मोबाइलवर दर २२,५०० दिसतो. तो जुळवून दिला तर पदरचे ३०० रुपये जातात. शिवाय हमाली, घरपोच पोहोचवणे आणि मांडून देणे हे खर्च वेगळेच. ही तूट भरून देण्याची तयारी कंपनीने वा वितरकाने दाखवली नाही, तर दुकानदाराने ‘हो’ म्हणावे कशाच्या बळावर?

दुकानदाराचा हात केवळ खरेदीच्या दराने बांधलेला असतो असेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणाचा उगम मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र व गोवा या विभागासंबंधीच्या एका निनावी तक्रारीत होता. कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा अधिक सूट विक्रेत्याने देऊ नये, असा दंडक होता. गिऱ्हाईक बनून आलेली माणसे विक्रेत्यांची परीक्षा घेत आणि जादा सूट देणाऱ्याला दंड होई, असे आयोगाला आढळले. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. दुसरे उदाहरण २०२२ च्या आरंभीचे. महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. मोठ्या साखळ्यांना आणि ऑनलाइन ठोक कंपन्यांना ज्या दराने माल मिळतो, त्याच दराने आम्हालाही मिळावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दर जुळवण्याची मागणी गिऱ्हाईक दुकानदाराकडे करते आणि दुकानदार-वितरक तीच कंपनीकडे करतात, हे यावरून ध्यानात येईल.

बँकेत कर्जमंजुरीचे अधिकार पायरीपायरीने वाटून दिलेले असत. शाखाधिकाऱ्याला आपली मर्यादा ठाऊक असे. तिच्या आतले प्रकरण तो स्वतः निकाली काढी आणि वरचेच तेवढे विभागीय कार्यालयाकडे जाई. हीच रीत पेढीवर आणता येईल. गल्ल्यावरच्या माणसाने किती रुपयांपर्यंत स्वतः सोडावे, त्यापुढे घरातील कोणाला विचारावे, हे हंगामापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे. वितरकाकडूनही कोणत्या वस्तूवर किती आधार मिळेल, हे आधी लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर दर उतरवला आणि नंतर क्रेडिट नोटेसाठी महिनोन्महिने खेटे घातले, तर विकलेल्या मालाचा नफा कागदावरच राहतो.

दुसरे, तुलना सारख्याशी सारख्याची व्हावी. मॉडेल तेच आहे का? माल खरोखर उपलब्ध आहे आणि मालवणच्या पिनकोडवर पोहोचतो का? बिल आणि हमी आहे का? दाखवलेल्या दरात एखाद्या बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट किंवा जुन्या वस्तूची वजावट धरलेली असते. ते कार्ड गिऱ्हाईकाजवळ नसेल तर तो दर त्याच्यासाठी नाहीच. हे चार प्रश्न गिऱ्हाईकासमोरच, नम्रपणे, दोन मिनिटांत तपासावेत. मोठ्या पेढ्यांनाही अशा अटी लागतातच. इंग्लंडमधील जॉन लुईस या दुकानसंस्थेने १९२५ पासून दर जुळवण्याचे वचन पाळले, २०२२ मध्ये ते मागे घेतले आणि २०२४ मध्ये पुन्हा दिले, तेही ठरावीक २५ विक्रेत्यांपुरते.

तपासणीनंतर नकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट द्यावा. ‘‘या दराला मला परवडत नाही, मात्र मी घरी आणून मांडून देईन आणि बिघाड झाला तर तक्रारीचा पाठपुरावा करीन,’’ असे सांगण्यात कमीपणा नाही. खाऱ्या हवेत यंत्रे गंजतात, पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो. जवळच्या दुकानदाराचे मोल इथल्या गिऱ्हाईकाला कळते. ताटकळत ठेवणे मात्र त्याला रुचत नाही.

अखेरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो मोबाइल दाखवतो त्याला दोन हजार सोडायचे, आणि जी मावशी तीस वर्षे आपल्याच दुकानात येते, मासळी विकून जमवलेले पैसे मोजून देते, तिच्याकडून पूर्ण दर घ्यायचा, हे न्याय्य आहे काय? तिने विचारले नाही, कारण तिचा आपल्यावर विश्वास होता. त्या विश्वासाचीच किंमत आपण तिच्याकडून वसूल करतो. एके दिवशी तिचा नातू मोबाइलवर दर पाहतो, आणि मग ते सारे घर तुटते. म्हणून एकदा एखाद्या वस्तूचा दर उतरवला, की तो त्या हंगामापुरता सर्वांसाठी उतरवावा. तसे परवडत नसेल, तर तो एकासाठीही उतरवू नये.

या चतुर्थीपूर्वी एका संध्याकाळी दुकान वाढवल्यावर वडील, मुलगे, सुना आणि दुकानातील जुना नोकर यांनी एकत्र बसावे. जास्त खपाच्या दहा वस्तू घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे खरेदी, विक्री व शेवटचा दर असे तीन आकडे लिहावेत. तो कागद गल्ल्यात ठेवावा आणि मावशीचे बिल करतानाही उघडून पाहावा.