संशोधकाचे गुणपत्रक

दहावी-बारावीचा निकाल लागला की सारा मोहल्ला टक्के विचारतो. संशोधन करणाऱ्यांचेही असेच एक गुणपत्रक असते. त्यात टक्क्यांऐवजी हवाले मोजतात. एखाद्याच्या शोधनिबंधाचा हवाला पुढे किती संशोधकांनी आपल्या लिखाणात दिला, याची ती मोजदाद. त्याला सायटेशन म्हणतात. 1964 साली अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी या हवाल्यांची सूची नियमित काढायला सुरुवात केली. 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. ज्याच्या 40 निबंधांचा प्रत्येकी किमान 40 वेळा हवाला दिला गेला, त्याचा निर्देशांक 40. आज नेमणूक, बढती, अनुदान देताना अनेक ठिकाणी हा आकडा पाहतात.

हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे अजीज सँकार यांच्या आयुष्यावरून चांगले कळते.

सँकार यांचा जन्म 1946 मध्ये आग्नेय तुर्कस्तानातील सावूर या छोट्या गावी झाला. आठ भावंडांत ते सातवे. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह होता. अजीज इस्तंबूलला डॉक्टर झाले, आपल्या भागात काही काळ रुग्णही तपासले. पण सूर्याच्या अतिनील किरणांनी मरू घातलेले जीवाणू निळा प्रकाश मिळताच पुन्हा कसे सावरतात, या कोड्याने त्यांना ओढून घेतले. त्यासाठी ते अमेरिकेत डॅलसला क्लॉड रूपर्ट यांच्याकडे गेले. ही दुरुस्ती करणाऱ्या फोटोलायेज या विकराचे जनुक त्यांनी 1976 मध्ये वेगळे केले.

काम पक्के होते, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पीएच.डी.नंतर त्यांनी तीन प्रयोगशाळांकडे अर्ज केले आणि तिन्हीकडून नकार आला. शेवटी हातातले संशोधन बाजूला ठेवून, डॉक्टरकी आणि पीएच.डी. गाठीशी असलेला हा माणूस येल विद्यापीठात प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणून रुजू झाला. तेव्हा वय तिशीच्या पुढे. त्या दिवशी कोणी गुणपत्रक मागितले असते, तर दाखवण्यासारखे फार काही नव्हते.

येलमध्ये डीन रप यांच्याकडे त्यांनी पेशींची दुसरी दुरुस्ती हाती घेतली, जी अंधारातही चालते. आधी त्यांनी विशिष्ट प्रथिने ओळखण्याची एक सोपी पद्धत बसवली. 1979 मधील ती पद्धत इतर प्रयोगशाळांनीही उचलली. मग तीन प्रथिने मिळून हे काम कसे करतात ते 1983 मध्ये दाखवले. डीएनएच्या बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेतला जातो आणि 12-13 अक्षरांचा तुकडा काढून टाकला जातो. त्या जागी नवा तुकडा भरला जातो. माणसाच्या पेशीतही अशीच व्यवस्था आहे. ती जन्मतः सदोष असलेल्यांना साधे ऊनही सोसत नाही, त्वचेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी बाजूला ठेवलेले फोटोलायेज पुन्हा हाती घेतले. पत्नी ग्वेन याही याच विषयातल्या संशोधक. 2015 मध्ये लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासह सँकार यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वय 69.

आज त्यांच्या निबंधांचे हवाले हजारोंनी मोजले जातात. पण ते कामानंतर आले, कामाआधी नाही.

शिवाय जास्त हवाले म्हणजे मोठा शोध, असेही नाही. जगात सर्वाधिक हवाले मिळालेला निबंध ऑलिव्हर लोरी यांचा, 1951 सालचा. तीन लाखांहून अधिक. त्यात आहे फक्त प्रथिने मोजण्याची एक पद्धत. लोरी स्वतः त्याला थोर निबंध मानत नव्हते. उलट डीएनएची रचना सांगणारा 1953 चा निबंध, 2014 मध्ये तपासलेल्या पहिल्या शंभरातही नव्हता. रोजच्या वापराच्या वस्तूचे नाव जास्त वेळा निघते, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्या समाजात आता पीएच.डी. करणारी मुले-मुली घरोघर दिसू लागली आहेत. तिशी आली तरी कायम नोकरी नाही, विद्यावेतन वेळेवर येत नाही, मुलीच्या बाबतीत निकाहाची घाई. अशा वेळी नातेवाईक विचारतात, "अजून शिकतेच का?" आणि तो प्रश्न घरच्यांनाच जास्त टोचतो. खर्चाचा विचार करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. तो करावाच लागतो. प्रत्येकाच्या वाट्याला नोबेल येणार नाही, हेही खरे. पण आकड्यावरून मुलाची पारख करण्याआधी एकदा त्याला जवळ बसवून विचारू या, "बेटा, सध्या कशावर काम चालू आहे?" उत्तर सगळे समजले नाही तरी चालेल. सांगताना त्याचे डोळे चमकतात का, एवढे तर आईबापांना नक्की कळते. चमकत असतील, तर आणखी दोन वर्षांचा सब्र आपण घरच्यांनी करायला हरकत नाही.