ससा हातात कसा घ्यावा?



गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्या निगेबद्दल आपण या सदरातून वरचेवर बोलतो. आज मुलांच्या आवडीच्या एका लहान जनावराकडे वळू. चिकलठाण्याच्या एका शेतकरी भगिनींनी विचारले आहे, "मुलांसाठी पांढऱ्या सशांची जोडी आणली. महिना झाला. खातात-पितात चांगले, पण उचलायला गेले की पळतात आणि धरले की ओरबाडतात. परवा एकाने धाकट्याच्या हातातून उडी मारली. मुलांचा जीव हिरमुसला आहे. काय करावे?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात सशाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

ससा घाबरतो का?

ससा हे शिकार होणारे जनावर आहे. घार, ससाणा, कोल्हा, मांजर, कुत्रे हे सारे त्याचे वैरी. त्याच्या जन्मात त्याला जमिनीवरून कोणी उचलले, तर ते खाण्यासाठीच. आपला हात वरून खाली आला की सशाला घारीची झडप आठवते. आपण प्रेमाने उचलतो हे त्याला कसे कळावे? ते त्याला शिकवावे लागते.

चिकलठाण्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. एकीकडे शेती, दुसरीकडे औद्योगिक वसाहत, जालना रस्त्याची वर्दळ आणि डोक्यावरून जाणारी विमाने. माणसाला या आवाजांची सवय होते, पण नव्या सशाला ती लगेच होत नाही. म्हणून पिंजरा रस्त्याकडच्या ओट्यावर न ठेवता घराच्या आतल्या बाजूला, सावलीत व कुत्र्या-मांजरापासून दूर ठेवावा. आत लपण्यासाठी एखादे लाकडी खोके आडवे ठेवावे. लपायला जागा असली म्हणजे ससा आपणहून बाहेर येण्याचे धाडस करतो.

पाठीचा कणा जपा

सशाची हाडे फार हलकी असतात. त्याच्या वजनात हाडांचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्केच असतो. मांजरात तो १२-१३ टक्के असतो. उलट मागच्या पायांचे स्नायू भलतेच जोरदार. ससा अधांतरी असताना त्याने जोराची लाथ झाडली, तर त्याच्याच जोराने त्याचा कणा कमरेजवळ मोडतो. मग मागचे पाय लुळे पडतात आणि ते जनावर पुन्हा उभे राहत नाही. हातातून निसटून पडल्यावरही हेच होते. वरच्या पत्रातल्या धाकट्याच्या हातातला ससा नशिबाने वाचला, असेच म्हणायचे.

म्हणून दोन गोष्टी कधीही करू नयेत. सशाला कानाला धरून उचलू नये. कान हा काही दांडा नव्हे. तो नाजूक अवयव असून त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि अंगातली उष्णता ससा कानावाटेच बाहेर टाकतो. तसेच नुसत्या मानेच्या कातड्याला धरून लोंबकळत ठेवू नये. कोंबडी पायाला धरून नेण्याची आपल्याकडे रीत आहे, ती येथे चालत नाही.

सवय कशी लावावी?

खोंडाला पहिल्याच दिवशी कोणी जुवाला जुंपत नाही. आधी अंगावरून हात फिरवतो, नाव घेऊन हाक मारतो, हातातून चारा देतो, मग दावे आणि मग जू. सशाचेही तसेच आहे.

पहिले काही दिवस त्याला धरायचेच नाही. जमिनीवर गोणपाट पसरून त्याच्याजवळ बसावे. उभे राहून वाकू नये. आपण उंच दिसलो की तो बिचकतो. हातात मेथीची किंवा कोथिंबिरीची काडी, लसूणघास किंवा हरळी घ्यावी आणि तो आपणहून जवळ येईपर्यंत थांबावे. मागे धावू नये, कोपऱ्यात कोंडू नये. एकदा पाठलाग झाला की आठ दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

हातातून खाऊ लागला की दुसरी पायरी. हात वरून न आणता बाजूने, त्याला दिसेल असा आणावा. कपाळावर व कानांमागे बोटांनी हळू कुरवाळावे. पोट व पायांना सुरुवातीला हात लावू नये. तो स्वस्थ बसून दात हलकेच घासू लागला किंवा हनुवटी आपल्या हाताला घासू लागला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजावे. मात्र अंग चोरून दात मोठ्याने करकरा वाजवत असेल, तर ते दुखण्याचे लक्षण होय.

तिसऱ्या पायरीला एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली घालून त्याला बोटभर उचलावे आणि लगेच खाली ठेवून खाऊ द्यावा. रोज दोन-तीन वेळा, तेही मिनिटा-दोन मिनिटांपुरते. हे जमले म्हणजे बसल्या बसल्या मांडीवर घ्यावे. कोणाचा ससा पंधरा दिवसांत सरावतो, कोणाला दोन महिने लागतात. येथे घाई कामाची नाही.

उचलण्याची योग्य रीत

एक हात पुढच्या पायांच्या मागे, छातीखाली घालावा. दुसऱ्या हाताने मागचा भाग पूर्ण तोलून धरावा. उचलताच त्याला आपल्या अंगाशी घ्यावे, चारही पायांना आधार मिळाला पाहिजे. तोंड आपल्या कोपराच्या खोबणीत लपवू दिले तर तो लवकर शांत होतो. पकड पक्की असावी, पण आवळू नये. त्याने धडपड सुरू केली तर उभे न राहता लगेच खाली बसावे, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही.

खाली ठेवताना बहुतेक जण चुकतात. जमीन दिसली की ससा उडी मारतो आणि इजा तेव्हाच होते. म्हणून आधी मागचा भाग टेकवावा, चारही पाय जमिनीला लागले की मग हात काढावा. पिंजऱ्यात सोडतानाही त्याचे तोंड आपल्याकडे ठेवून मागच्या बाजूने आत सोडावे.

सशाला उताणे केले की तो निपचित पडतो. मुलांना वाटते, झोपला. ती झोप नव्हे. वैऱ्याच्या तावडीत सापडल्यावर जनावर जसे मेल्यासारखे पडते तसा तो प्रकार आहे. हा खेळ करू देऊ नये.

मुलांसाठी नियम

सात-आठ वर्षांखालील मुलांनी सशाला उचलू नये. त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसावे आणि मोठ्या माणसाने ससा त्यांच्या मांडीवर ठेवावा. एका वेळी एकच मूल, आरडाओरडा नाही. ससा उतरून गेला तर जाऊ द्यावा. आपल्याला कोणी डांबून ठेवत नाही हे कळले की तो परत येतो. ओरखडा उठला तर साबण-पाण्याने स्वच्छ धुवावा. नख्या वाढल्या असल्यास फक्त टोके कापावीत. आतला लालसर भाग कापला तर रक्त येते.

केव्हा हात लावू नये?

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. सशाला ३० अंशांपुढची उष्णता सोसत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात त्याला सकाळी लवकर किंवा रात्रीच घ्यावे, दुपारी पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकून वारा खेळता ठेवावा. मादी साधारण ३१ दिवसांनी विते. नर-मादी एकत्र असतील तर पिल्ले होणारच, हे जोडी आणतानाच ध्यानात घ्यावे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मुलांनी चिवडू नये. मात्र तीन आठवड्यांनंतर रोज थोडा वेळ हाताळलेली पिल्ले पुढे फार माणसाळतात.

हाताळायला सरावलेला ससा एकाएकी अंगाला हात लावू देईनासा झाला, तर तो रुसला असे समजू नये. कानात खरजेच्या खपल्या, तळपायाला जखम किंवा दात वाढणे अशी कारणे असू शकतात. ससा दिवसभर खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उद्यावर टाकले की ससा हातचा जातो.

रानातला ससा घरी आणू नका

बाजरी कापताना किंवा हरभरा उपटताना शेतात कधीकधी सशाची पिल्ले सापडतात. तो आपला रानससा. पाळीव सशाची जातच निराळी, तिचे मूळ स्पेन व दक्षिण फ्रान्सकडचे. पाळीव सशाची पिल्ले उघडी व डोळे मिटलेली जन्मतात, रानसशाची अंगावर केस असलेली व डोळे उघडलेली. रानससा माणसाळत नाही, भीतीनेच मरतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरणे व पाळणे हा गुन्हा आहे. पिल्लू एकटे दिसले तरी आई जवळपास असते व अंधार पडताना पाजायला येते. विळ्याखाली येत असेल तर हलक्या हाताने जवळच्या बांधावर गवतात ठेवावे.

शेवटी एक युक्ती

काही ससे किती केले तरी उचललेले सोसत नाहीत. त्यांच्यावर सक्ती करू नये. अशा सशाला पाटीत बसायला शिकवावे. पाटीत थोडे गवत व मेथीची काडी ठेवली की दोन-चार दिवसांत तो आपणहून आत शिरतो. मग पाटीसकट उचलून पिंजरा साफ करता येतो, दवाखान्यातही नेता येते. मुलांनी जमिनीवर बसावे आणि सशाने त्यांच्या पायाशी येऊन मेथी खावी, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

चिकलठाण्याच्या भगिनींनी आज संध्याकाळपासूनच गोणपाट पसरून सुरुवात करावी, आणि धाकट्याला पहिले आठ दिवस फक्त काडी धरून बसायला सांगावे.