बारव, किल्लारी आणि सिमेंट

१/ परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव लागते. गावात जुनी दगडी बारव आहे. मराठवाड्यातील अशा अनेक बारवा यादवकालीन मानल्या जातात. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत घडीव काळा दगड चुन्याशिवाय रचला जाई. खाचा, खोबणी आणि दगडाचे वजन यांवरच सारी रचना उभी राहते.

२/ अशा बारवेचे छायाचित्र दाखवून 'पूर्वजांना सिमेंट लागलेच नाही' असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य होय. बारवेमागे धनिकांचा पैसा आणि पाथरवटांचे कसब होते. सामान्यांचे घर मात्र दगड-मातीच्या भिंतींचे आणि माळवदाचे. सिमेंटच्या पर्यायांची चर्चा याच घरापासून सुरू व्हायला हवी.

३/ या घराचे भवितव्य ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पालटले. किल्लारी परिसरातील भूकंपाने सुमारे ८,००० बळी घेतले. भिंती जाड, वर मातीचे जड माळवद. आणि भिंतीचे आतले-बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते. थर सुटले, छत खाली आले.

४/ दोष रचनेचा होता, बदनाम झाली माती. त्यानंतर मराठवाड्याच्या मनात स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण पक्के बसले. या धसक्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. सिमेंटला सुचवलेला कोणताही पर्याय आधी या भीतीला उत्तर देणारा हवा.

५/ तरीही सिमेंटची किंमत मोजावी लागतेच. चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर तयार होते. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून अधिक वायू खुद्द चुनखडीतून सुटतो. इंधन बदलले तरी तो सुटणारच.

६/ मग पुन्हा चुना वापरावा काय? चुनाही चुनखडी भाजूनच मिळतो. मात्र तो कमी तापमानाला भाजतो आणि घट्ट होताना सुटलेल्या वायूचा काही भाग परत शोषतो. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीस तो उत्तम. स्लॅब-कॉलमच्या घाईच्या बांधकामास तो फार संथ पडतो.

७/ जुन्या गवंड्यांची खरी शिकवण सुरखीत आहे. चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी मिसळली की मिश्रण अधिक टणक होते. आजचे 'एलसी-थ्री' सिमेंट याच तत्त्वाचे. त्यात भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घालून क्लिंकर सुमारे निम्म्यावर येते, उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्यासाठी मानकही दिले (आयएस १८१८९). राखमिश्रित सिमेंट तर बाजारात केव्हाच रुळले आहे. आणि राख देणारे परळीचे औष्णिक केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

८/ म्हणून मागणी दोन गोष्टींची असावी. घरकुलाच्या अंदाजपत्रकात कमी क्लिंकरच्या सिमेंटचे नाव यावे आणि त्यासोबत भूकंपरोधक पट्ट्यांची सक्ती असावी. बारवांच्या डागडुजीत मात्र सिमेंट शिरू नये. ते ओल अडवते आणि जुन्या दगडाला इजा करते. किल्लारी विसरून पर्यावरणाची भाषा केली, तर मराठवाडा ती ऐकणार नाही.