सुईची बॉडी आणि सब्र

नांदेड-लातूरच्या जिममध्ये नवी पोरं विचारतात, तीन महिन्यांत उस्तादासारखं घट्ट, कोरीव अंग होईल का? नाही होणार. स्नायूंचे तंतू वर्षानुवर्षे वजन पेलून जाड होतात. वरची चरबी उतरली की मगच ती दगडी रेघ दिसते. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घाम गाळून. स्टेरॉइडच्या सुईने अंग लवकर फुगतं. पण हृदय, यकृत आणि बाप होण्याची ताकद पणाला लागते. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनो, मजुरीचा पैसा सुईत घालवू नका. अंडी, डाळ, पुरेशी झोप आणि सब्र, एवढं पुरे.